कोणाच्या ओळखीने आलात?

मुंबईतील जुन्या चाळीच्या जिन्यालगतच्या अंधाऱ्या खोलीत, उतरत्या मेजावर खतावणी उघडून बसलेला घरमालकाचा मेहताजी नव्या बिऱ्हाडकरूस जो पहिला प्रश्न विचारी, तो भाड्याचा नसे आणि अनामतीचाही नसे. "कोणाच्या ओळखीने आलात?" हाच तो प्रश्न असे, आणि लाखो अनोळखी माणसांनी गजबजलेल्या या नगरीत परक्यावर विश्वास कोणत्या आधाराने टाकावा, या कूट समस्येचा सारा इतिहास या तीन शब्दांत सामावला आहे, असे मला वाटते.

गावी हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता, कारण तेथे माणूस जन्मतःच ओळखीचा असे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, पुढील दशकांत गिरण्यांची धुराडी परळ-लालबागच्या आकाशात एकामागून एक उभी राहिली, आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचे लोंढेच्या लोंढे शहरात आले, तेव्हा मात्र घरमालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये भाषेचे, वस्तीचे आणि धंद्याचे अंतर पडले. मालक बहुधा भाटिया, पारशी वा अन्य व्यापारी, त्याची पेढी कोटात. भाडेकरू कोकणातला कुणबी, त्याची खोली गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात. हे अंतर भरून काढण्यासाठी जो मध्यस्थ नेमला गेला त्यास कोठे मेहता म्हणत, कोठे गुमास्ता. काही मालक तर संपूर्ण चाळच ठराविक रकमेच्या मक्त्याने देऊन मोकळे होत. अशा मक्तेदारास माणसाच्या गुणापेक्षा माणसांच्या संख्येत अधिक स्वारस्य, म्हणून त्याच्या चाळीत निवडीचे नावच नसे. पगारी मेहताजीची गोष्ट निराळी होती. भाडे थकले तर मालकापुढे जाब त्यालाच द्यावा लागे, आणि म्हणून माणूस पारखण्याची विद्या त्याला पोटासाठी शिकावी लागली.

ही विद्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. गिरणी कोणती, साचाखात्यात की कताईखात्यात, जॉबर, म्हणजे मुकादम, कोण, गाव कोणते, या चाळीत त्या गावचे आणखी कोण राहते, बायको येथे आहे की गावी, खोलीत किती जण निजणार, असे प्रश्न तो अगदी सहज, जणू खुशाली विचारावी तसे विचारी, आणि उत्तर ऐकता ऐकता त्याची नजर दाराशी ठेवलेल्या सामानावर फिरे. नुसती वळकटी काखोटीस मारून आलेला माणूस रातोरात निघून जाऊ शकतो. पितळेची भांडी, पाटावरवंटा आणि पाळणा घेऊन आलेला तसा जात नाही, हा त्याचा अदमास असे. परंतु अखेरचा निर्णय सामानावर नव्हे, तर शब्द टाकणाऱ्या माणसावर अवलंबून असे. गिरणगावात हा शब्द पुष्कळदा जॉबरचा असे. नोकरीला लावणारा तोच, उसने पैसे देणारा किंवा मिळवून देणारा तोच, आणि खोलीसाठी जामीन राहणाराही तोच. त्यामुळे मजुराचे काम, कर्ज आणि छप्पर ही तिन्ही एकाच मुठीत राहत, आणि त्याच्याशी बिनसले की माणूस एकदमच उघड्यावर येई. ज्या हमीने खोली मिळवून दिली तीच हमी गळ्यातील फास कशी होई, हे ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक.

याहून सौम्य अशी एक व्यवस्था कोकणवासीयांनी स्वतःच निर्माण केली होती, आणि मला तिच्याविषयी नितांत आदर वाटतो. एखाद्या गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावयाची, भाडे वर्गणीने भरावयाचे, आणि गावाहून जो कोणी पोटासाठी येईल त्याने सरळ तेथे पथारी टाकावी. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेवर निजत. भिंतीवरच्या खुंट्या वाटून घेतलेल्या, आणि ट्रंका एकावर एक रचलेल्या. येथे भाडेकरूची चौकशी करण्याचे कारणच उरत नसे, कारण जामीन एक माणूस नसून सारा गाव असे. भाडे बुडविणाऱ्यास शिमग्याला गावी तोंड दाखविणे कठीण.

परंतु ओळखीवर उभारलेल्या या विश्वासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. ओळख म्हणजे पुष्कळदा जात. आणि ज्याला शब्द टाकणारा कोणी नाही, किंवा ज्याच्यासाठी टाकलेला शब्द कोणी स्वीकारीत नाही, त्याच्यापुढे दार बंद. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत केवळ पारशांना प्रवेश, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहून ते एकटेच तेथे राहिले. रोजचे दीड रुपया भाडे ते देत होते. अकराव्या दिवशी सकाळी हातांत लाठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला आणि त्यांना जागा सोडण्यास फर्मावून गेला. मित्रांकडे विचारणा केली, तेथेही आसरा मिळाला नाही. आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतची वेळ त्या विद्वान पुरुषाला एका सार्वजनिक बागेत बसून काढावी लागली. विद्या, सरकारी पद, रोखीने दिलेले भाडे, भाडेकरूच्या भरवशाची म्हणून जी जी लक्षणे कोणी सांगेल ती सर्व येथे होती. जात ही एकच गोष्ट विचारली गेली आणि तिच्यापुढे बाकीच्यांची किंमत शून्य झाली. हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

सरकार स्वतः घरमालक झाले तेव्हा मात्र निवडीचा प्रश्न उलटाच उभा राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी पुढे अनेक वर्षे काढली. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतर, डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे सोळा हजारांवर बिऱ्हाडांची सोय. आणि आश्चर्य असे, की प्रारंभीची कित्येक वर्षे त्यांतील असंख्य खोल्या रिकाम्या पडून होत्या! वरळी गिरण्यांपासून दूर, बाजार दूर, भाडे मजुराच्या आवाक्याबाहेरचे, आणि त्या काँक्रीटच्या पेटीत गावचे कोणी माणूस नाही. मालकाने भाडेकरूची पारख करावी हे सर्वांना ठाऊक होते. भाडेकरूही घराची, शेजाराची आणि मालकाची पारख करीत असतो, हे त्या रिकाम्या खोल्यांनी सरकारास शिकविले.

याच सुमारास कायदा आला, आणि मेहताजीची विद्या एका पिढीत निकामी झाली. महायुद्धामुळे वाढलेल्या भाड्यांस आवर घालण्यासाठी १९१८ मध्ये निर्बंध आले, १९३९ मध्ये पुन्हा आले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडे नियमित भरणारा भाडेकरू आता सहजासहजी बेदखल करता येईना, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तोच हक्क जाई. म्हणजे मालकाला आता एक माणूस निवडावयाचा नव्हता. त्याचे मुलगे आणि नातूही न पाहता निवडावयाचे होते. इतकी दूरदृष्टी कोणा गुमास्त्याच्या ठायी असणार? साहजिकच शब्दाची जागा पैशाने घेतली. पागडी, म्हणजे जागेसाठी भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे, घेणे कायद्याने गुन्हा ठरले होते, तरी ती घेतली गेली, दिली गेली, आणि "कोणाच्या ओळखीने आलात?" याऐवजी "किती देणार?" हा प्रश्न जिन्याखाली विचारला जाऊ लागला. भाडेकरूंना मिळालेले संरक्षण न्याय्य होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु पागडीची रक्कम नसलेला, नुकताच शहरात आलेला माणूस त्या संरक्षणाच्या भिंतीबाहेरच राहिला आणि झोपडपट्टीकडे वळला, हेही तितकेच खरे.

मालकांनी मग भाडे हा शब्दच टाळून अनुज्ञप्तीचा, अर्थात लीव्ह अँड लायसन्सचा, मार्ग शोधला. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरू ठरविले, तेव्हा धास्तावलेल्या कित्येकांनी जागेला कुलूप लावणेच पत्करले. अकरा महिन्यांचा करार आता अंगवळणी पडला आहे. मेहताजीच्या जागी एजंट आला, तो आधारकार्ड, पगारपत्रक आणि पोलीस ठाण्यात द्यावयाची माहिती गोळा करतो, परंतु त्याच्या दूरध्वनीवरचा पहिला प्रश्न "फॅमिली की बॅचलर?" हा असतो, आणि दुसरा आडनावाचा.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असे बंधन मालकावर घातले आहे. त्याच कलमात एक विलक्षण तरतूद आहे: मालकाने दस्तऐवज केलाच नाही, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल, ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरे मानले जाईल.