पेंटियम भागाकार दोष

इंटेल या अमेरिकन कंपनीने मार्च १९९३ मध्ये विक्रीस आणलेल्या पेंटियम या मायक्रोप्रोसेसरच्या अभिकल्पातील त्रुटी. तिच्यामुळे भाज्य व भाजक यांच्या काही विशिष्ट जोड्यांचे दशांश भागाकार चुकत. नव्या प्रोसेसरमध्ये दोष राहणे अपूर्व नव्हते. याच कंपनीच्या ८०३८६ (१९८५) या प्रोसेसरच्या काही चिपांचा ३२ बिटी गुणाकार चुकत असे व त्या केवळ १६ बिटी कामासाठी असा शिक्का मारून विकल्या गेल्या.

कागदावर भागाकार करताना प्रत्येक अंक अंदाजाने ठरवावा लागतो. पेंटियममध्ये हा अंदाज चिपेवरच कोरलेल्या कोष्टकातून घेतला जाई व प्रत्येक पायरीस −२ ते +२ यांपैकी एक अंक मिळे. अंदाज किंचित चुकला, तरी पुढील पायऱ्यांत तो सावरला जातो, ही या रीतीची खुबी होय. परंतु कोष्टकाच्या पाच घरांत +२ ऐवजी शून्य राहून गेले होते आणि तेथे पोहोचल्यास बाकी सावरण्यापलीकडे जाई. भाजकाच्या द्विमान रूपात ठरावीक ठिकाणी सलग सहा १ असतील तरच असे घडे. म्हणून दोष चाचण्यांत निसटला. ४१९५८३५ ÷ ३१४५७२७ याचे उत्तर १·३३३८२०… असताना पेंटियम १·३३३७३९… देई.

व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करीत असता जून १९९४ मध्ये त्यांना विसंगती आढळली. आज्ञावली, अनुवादक व यंत्राचे इतर भाग एकेक करून तपासण्यात चार महिने गेले. अखेर ८२४६३३७०२४४१ या संख्येचा व्यस्तांक आठव्या सार्थ अंकानंतर चुकतो, असे त्यांनी दाखविले. २४ ऑक्टोबरला त्यांनी कंपनीस कळविले व ३० ऑक्टोबरला सहकाऱ्यांस पत्र धाडले. ते इंटरनेटवरून सर्वत्र पसरले.

कंपनीला हा दोष त्यापूर्वीच ठाऊक होता; पण तिने तो जाहीर केला नव्हता. नऊ अब्ज भागाकारांत एकदा, म्हणजे सामान्य ग्राहकास २७,००० वर्षांत एकदा चूक होईल, असे तिचे म्हणणे होते. गरज सिद्ध करणाऱ्यासच चिप बदलून मिळणार होती. ही आकडेमोड यदृच्छ संख्यांपुरती ठीक होती. मात्र प्रत्यक्ष व्यवहारातील संख्या यदृच्छ नसतात आणि कोणते उत्तर चुकले हे यंत्र सांगत नाही, ही खरी अडचण तिने जमेस धरली नाही. आयबीएमने २४ दिवसांत एकदा चूक संभवते असे सांगून १२ डिसेंबरला पेंटियमयुक्त संगणकांची रवानगी थांबविली. पॉवरपीसी हा स्पर्धक प्रोसेसर आयबीएमच्या सहभागाने बनत होता, हेही येथे विसरता येत नाही. २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्यास चिप बदलून देण्याचे मान्य केले. या प्रकरणाचा ४७·५ कोटी डॉलरचा भार तिला हिशोबात दाखवावा लागला.

पुढे अशी गणिती मंडले केवळ नमुन्यादाखल संख्या देऊन न तपासता त्यांची अचूकता तर्कशास्त्रीय सिद्धतेने पडताळण्याची प्रथा वाढली. २०२४ मध्ये केन शिरिफ यांनी चिपेच्या सूक्ष्म छायाचित्रांवरून कोष्टकातील १६ घरे वगळली गेल्याचे दाखविले. त्यांपैकी ११ घरांपर्यंत भागाकार कधीच पोहोचत नाही.