स्वामीमलैच्या पंचलोह मूर्ती: घडण आणि निगा

कुंभकोणमजवळचे स्वामीमलै हे मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक. ओतीव मूर्ती घडवणाऱ्या स्थपतींचे गाव म्हणूनही त्याची ख्याती आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरावर राबलेले शिल्पी आपले पूर्वज, असे इथली घराणी परंपरेने सांगतात.

ओतकामाची रीत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तिचे वर्णन केले आहे. मेण आणि राळ तेलात एकजीव करून आधी मेणाची मूर्ती करतात. नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून अवयवांचे प्रमाण ठरवतात. मग कावेरीकाठच्या गाळमातीचे थर चढतात. पहिला थर सर्वांत बारीक मातीचा, कारण बोटांच्या पेरांपासून दागिन्यांपर्यंतचे ठसे तोच घेतो. साचा तापवून मेण काढतात आणि पोकळीत तांबेप्रधान रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. त्यानंतर छिन्नी आणि कानशीने कोरीवकाम उजळतात आणि चिंच-रिठ्याच्या पाण्याने मूर्ती घासून धुतात.

मंदिरात उत्सवमूर्तीची निगा पूजेतूनच होते. तेल, दूध, दही, चंदनाच्या अभिषेकानंतर मूर्ती धुऊन पुसतात. शतकानुशतकांच्या या घासण्याने पुष्कळ जुन्या मूर्तींचे नाकडोळे आणि दागिन्यांची नक्षी झिजली आहे.

जमिनीत पुरलेल्या मूर्तींचे दुखणे वेगळे. 1311 मध्ये मलिक काफूरची स्वारी दक्षिणेत उतरली. अशा संकटकाळी अनेक देवळांनी मूर्ती पुरून वाचवल्या. मातीतल्या क्षारांतले क्लोराइड तांब्यात शिरते. पुढे दमट हवा लागली की हिरवी भुकटी सुटून धातू आतून खचत जातो. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने 1930 मध्ये रासायनिक प्रयोगशाळा उभारून अशा मूर्तींवर विजेच्या साहाय्याने उपचार सुरू केले. मात्र प्रत्येक हिरवा थर रोग नसतो. घट्ट, गुळगुळीत थर धातूचे रक्षण करतो, म्हणून तज्ज्ञ तो खरवडत नाहीत.

देवघरातल्या नव्या पितळी मूर्तीला चिंच चालते. पिढीजात किंवा जमिनीतून निघालेल्या मूर्तीला आंबट पदार्थ, राख, रांगोळी लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झटकून ती कोरडी ठेवावी आणि भुकटी दिसताच जाणकाराला दाखवावी.