न घडलेल्या संकटाचा हिशेब

#थ्रेड #इतिहास

१/ १ जानेवारी २०००. जगभरातील दूरचित्रवाहिन्या रात्रभर एका संकटाची वाट पाहत जाग्या होत्या. दिवे गेले नाहीत, विमाने कोसळली नाहीत, बँकांतील खाती रिकामी झाली नाहीत. काही दिवसांतच विचारणा सुरू झाली : मग एवढा पैसा खर्च केला तो कशासाठी? संगणक-व्यवस्था सांभाळणाऱ्या माणसांना हा प्रश्न आजही रोज भेटतो. हा थ्रेड त्याच्या उत्तराविषयी.

२/ मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात दोन प्रकारची कामे चालतात. सर्व्हर बंद पडला, तक्रार आली, धावपळ करून तो सुरू केला : हे प्रतिक्रियात्मक, म्हणजे रिॲक्टिव्ह काम. डिस्क भरण्याआधीच जागा वाढवली, बॅकअपमधून माहिती खरोखर परत मिळते का हे पडताळले : हे पूर्वदक्षतेचे, प्रोॲक्टिव्ह काम. पहिल्याला तिकीट क्रमांक असतो, वेळेची नोंद असते, अखेरीस आभाराचा मेल असतो. दुसऱ्याचे फळ म्हणजे काहीही न घडणे.

३/ या दुसऱ्या कामाचे आजवरचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे ‘वायटूके’. त्याचे मूळ काटकसरीत आहे. पंच कार्डावर ८० रकाने असत आणि संगणकाची स्मृती अत्यंत महाग होती. म्हणून ‘१९६५’ऐवजी ‘६५’ लिहिण्याचा प्रघात पडला. त्या काळी हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण या पद्धतीत २००० साल ‘००’ होणार आणि संगणक ते १९०० समजणार, हेही तेव्हाच ठरून गेले.

४/ धोका कोणाच्या ध्यानातच आला नव्हता, असे मात्र नाही. आस्की या अक्षरसंकेताच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये लेख लिहून हा इशारा दिला होता. त्याकडे दुर्लक्ष झाले, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दुरुस्तीचा खर्च चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात पडणार होता. नुकसान मात्र दोन-तीन दशकांनी, दुसऱ्याच कोणाच्या कारकिर्दीत होणार होते.

५/ काही संस्थांनी वेळीच हातपाय हलवले. अमेरिकेतील निवृत्तिवेतन आणि तत्सम लाभ देणाऱ्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाला १९८९ मध्येच, २००० सालापलीकडच्या तारखा लागणाऱ्या एका हिशेबात, ही अडचण दिसली. त्यांच्या प्रणालीत तीन कोटींहून अधिक ओळींचा कोड होता. तो तपासण्याचे काम त्यांनी संकटाच्या जवळजवळ दशकभर आधी हाती घेतले. २८ डिसेंबर १९९८ रोजी, म्हणजे वर्षभर शिल्लक असताना, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही प्रणाली सज्ज असल्याचे जाहीर केले.

६/ बहुतेकांना जाग आली ती पुढे. ६ सप्टेंबर १९९३ च्या ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये पीटर द येगर यांचा ‘डूम्सडे २०००’ हा लेख आला आणि हा विषय संगणक कक्षाबाहेर पडून संचालक मंडळापर्यंत पोहोचू लागला. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्लिंटन यांनी जॉन कोस्किनेन यांना या कामासाठीच्या राष्ट्राध्यक्षीय परिषदेचे प्रमुख नेमले. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अंदाजानुसार एकट्या त्या देशाचा खर्च सुमारे १०० अब्ज डॉलर होता.

७/ हे काम होते तरी काय? दशकांपूर्वी कोबोलमध्ये लिहिलेले कार्यक्रम ओळ न् ओळ वाचायचे. तारीख कोठे दडली आहे ते शोधायचे. ती प्रत्येकाने वेगळ्या नावाने ठेवलेली असायची. मग वर्ष चार अंकी करायचे, किंवा ‘विंडोइंग’ करायचे, म्हणजे उदाहरणार्थ ०० ते ४९ हे अंक २००० नंतरचे आणि ५० ते ९९ हे १९०० नंतरचे मानायचे. शेवटी सगळे पुन्हा चाचणीतून काढायचे. ज्याची कोणी आठवण ठेवणार नाही, असे हे काम होते.

८/ भारताचा संबंध येथेच येतो. अमेरिकेत आणि युरोपात कोबोल जाणणारी माणसे कमी पडू लागली, तेव्हा हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले. अंधेरीच्या सीप्झपासून पुण्यापर्यंत अनेक मराठी तरुणांचा आयटीतील प्रवेश या तारखांच्या दुरुस्तीतून झाला. परक्या देशातील बँकेचा तीस वर्षांपूर्वीचा कोड वाचणारी ही पिढी, आपल्या हातून काय टळले हे कधी पाहू शकली नाही.

९/ ती रात्र अगदीच निर्विघ्न गेली नाही. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणारी जमिनीवरील यंत्रणा काही तास ठप्प झाली. अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष ‘१९१००’ असे झळकले. न्यूयॉर्क राज्यातील एका व्हिडिओ दुकानाने एका ग्राहकाला शंभर वर्षांच्या विलंबापोटी ९१,२५० डॉलरचे बिल दाखवले. लोक हसले आणि विषय तेथेच संपला.

१०/ एक घटना मात्र हसण्यासारखी नव्हती. इंग्लंडमधील शेफील्ड येथील नॉर्दर्न जनरल रुग्णालयात गर्भातील डाउन सिंड्रोमची जोखीम संगणकावर काढली जाई आणि त्या गणितात मातेचे वय धरले जाई. २००० साल उजाडताच वयाचा हिशेब चुकू लागला. जानेवारी ते मे या काळात दीडशेहून अधिक गर्भवतींना चुकीचे अहवाल गेले. पडदा काळा झाला नाही, धोक्याची घंटा वाजली नाही. यंत्र शांतपणे चुकीची उत्तरे देत राहिले. दुरुस्तीतून निसटलेली एक प्रणाली काय करू शकते, ते येथे दिसते.

११/ तरीही ‘वायटूके हे थोतांड होते’ हा समज रूढ झाला. त्यामागील युक्तिवाद क्षुल्लक नाही. इटली, रशिया यांसारख्या देशांनी तुलनेने कमी खर्च केला आणि तेही तरले. याची उत्तरे आहेत : तेथील व्यवहार संगणकावर कमी अवलंबून होते, आणि दुरुस्त केलेली यंत्रे व सॉफ्टवेअर त्यांना उत्पादकांकडून आयती मिळाली. काही खर्च भीतीपोटी वाया गेला, हेही खरे. पण नेमका कोणता, हे सांगता येत नाही. कारण दुरुस्ती न केलेले जग तुलनेसाठी उपलब्धच नाही.

१२/ योगायोग असा की पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, एमआयटीचे नेल्सन रेपेनिंग आणि जॉन स्टरमन यांचा एक निबंध ‘कॅलिफोर्निया मॅनेजमेंट रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. जे संकट घडलेच नाही ते टाळल्याचे श्रेय कोणालाही मिळत नाही, हा आशय त्याच्या शीर्षकातच होता. कामाच्या पद्धती सुधारण्याचे प्रयत्न बहुतेक ठिकाणी का फसतात, याचा शोध त्यांनी घेतला होता.

१३/ त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे. कामाचा ताण वाढला की माणसे सुधारणेसाठी राखलेला वेळ तातडीच्या कामाकडे वळवतात. लगेच बरे दिसते, कारण व्यवस्था एका दिवसात ढासळत नाही. पुढे ती हळूहळू ढासळते, बिघाड वाढतात, तातडीची कामे आणखी वाढतात आणि सुधारणेला उरलेला वेळही जातो. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही आपली म्हण येथे अपुरी पडते. या चक्रात बैल दर आठवड्याला जातो आणि झोपा करायला कोणाला उसंतच नसते.

१४/ ही कोंडी आयटीला अपरिचित नव्हती. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने १९८९ पासून ‘आयटीआयएल’ या नावाने मार्गदर्शक पुस्तके काढली. त्या परंपरेत ‘इन्सिडेंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हे दोन शब्द वेगळे झाले. इन्सिडेंट म्हणजे आज बंद पडलेली सेवा. प्रॉब्लेम म्हणजे ती पुनःपुन्हा बंद का पडते ते मूळ कारण. पहिल्यात सेवा लवकर सुरू करायची, दुसऱ्यात कारण कायमचे काढून टाकायचे. दोन्ही जबाबदाऱ्या वेगवेगळ्या सोपवाव्यात, असा तो विचार होता.

१५/ कागदावर हे पटते. करार वेगळे सांगतात. वायटूकेनंतर भारतीय कंपन्यांकडे परदेशी ग्राहकांच्या प्रणालींच्या देखभालीचे काम वाढत गेले. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीचा सपोर्ट, रात्रपाळी आणि एसएलए हे शब्द हिंजवडीच्या घराघरांत पोहोचले. जेथे मोबदला तिकिटांच्या संख्येवर किंवा बसलेल्या माणसांवर ठरतो, तेथे तिकिटे कमी करणारा अभियंता आपल्याच चमूचे उत्पन्न घटवतो. अशा ठिकाणी पूर्वदक्षता केवळ भाषणात राहिली तर तो माणसांच्या आळसाचा दोष नव्हे.

१६/ दुर्लक्षाची किंमत किती असू शकते? १ ऑगस्ट २०१२ च्या बाजारासाठी नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाल कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला. त्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला पण कधीच न काढलेला कोड पडून होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटे खरेदी-विक्रीचे आदेश सोडत राहिला. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला.

१७/ अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात याहून बोलका तपशील आहे. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्याच यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. पण ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून आखलेले नव्हते आणि आल्याबरोबर ते वाचावेत अशी कोणाची जबाबदारीही नव्हती. जुना कोड काढून टाकणे किंवा त्या ईमेलना एक वाचक नेमणे, हे दोन-चार दिवसांचे काम झाले असते. २०१३ मध्ये नाइट कॅपिटल स्वतंत्र कंपनी म्हणून उरली नाही.

१८/ याच काळात काही कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्याने नेटफ्लिक्सला तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नव्हत्या. पुढे क्लाउडकडे जाताना त्यांच्या अभियंत्यांनी ‘केऑस मंकी’ हे साधन तयार केले. ते चालू सर्व्हर स्वतःहून, कोणताही, बंद पाडते. तेही कामाच्या वेळेत, जेव्हा माणसे जागी आणि जागेवर असतात. बिघाड रात्री तीनला भेटण्याऐवजी सकाळी अकराला भेटावा, एवढीच ही युक्ती. २०१२ मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला.

१९/ गूगलमध्ये २००३ पासून बेन ट्रेनर स्लॉस यांनी उभ्या केलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ विभागाने तर नियमच केला. हाताने करावे लागणारे, तेच ते, यंत्रावर सोपवता येण्यासारखे काम त्यांनी ‘टॉइल’ म्हणून वेगळे काढले. तिकिटे, बिघाड आणि ही राबणूक मिळून अभियंत्याच्या वेळेच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. उरलेला वेळ मुळावर घाव घालण्यासाठी. मर्यादा ओलांडली तर जादा काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चमूकडे परत जाते.

२०/ आणखी एक गोष्ट त्यांनी मान्य केली : १०० टक्के निर्दोष सेवा हे चुकीचे उद्दिष्ट आहे. किती बिघाड चालतील हे आधी ठरवायचे, त्याला ‘एरर बजेट’ म्हणायचे. ते शिल्लक असेल तोवर नवे बदल करायचे. संपले की बदल थांबवून दुरुस्ती करायची. म्हणजे प्रतिक्रियात्मक काम हद्दपार होत नाही. अग्निशमन दल हवेच. पण शहराने आपली सारी माणसे त्यातच भरती केली तर वायरिंग तपासणार कोण?

२१/ आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. टळलेल्या संकटाला साक्षीदार नसतो, म्हणून ते टाळणारे काम नंतरच्या कृतज्ञतेवर सोडले तर मरते. जेथे ते टिकले तेथे कोणीतरी त्याची तरतूद आधीच करून ठेवली होती : सोशल सिक्युरिटीने वर्षे राखली, गूगलने निम्मा वेळ राखला. नाइट कॅपिटलमध्ये ते ९७ ईमेल वाचण्याचे काम कोणाच्याच नावावर लावलेले नव्हते.

२२/ पुढची तारीख ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींचा आकडा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. त्यानंतर त्या थेट १९०१ सालात जातात. लिनक्सच्या गाभ्यातील यासंबंधीची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली आणि २०२० मधील ५.६ या आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही तो सज्ज झाला. कारखान्यांतील आणि उपकरणांतील कित्येक जुन्या प्रणाली अजून तपासायच्या आहेत.

२३/ त्या मंगळवारी काही घडले नाही तर बुधवारी कोणीतरी नक्की विचारेल : एवढा गाजावाजा कशासाठी होता? तोवर आपण या क्षेत्रात असाल, तर गेल्या वर्षात आपल्या चमूने काय काय घडू दिले नाही, याची एक यादी करून ठेवा. पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती मांडा. आणि अशी एखादी न घडलेली घटना आठवत असेल, तर खाली जरूर लिहा.