बंदरोबंदरीचे नाणे

परमुलखात पैसा चालतो तो पतीवर, हे हुंडीचा व्यवहार जाणणाऱ्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. युरोपातील जलपर्यटनाचा इतिहासही हीच साक्ष देतो.

इ. स. १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जर्मन जहाज उतारूंना घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीस निघाले. जिनोआस लिरा, पिरियसला द्राख्मा, अलेक्झांड्रियास पियास्टर. बंदरागणिक नाणे निराळे आणि सराफाचा बट्टाही निराळा. पेढीचे पतपत्र जवळ असले, तरी मोठ्या शहरांबाहेर ते वटणे कठीण. अमेरिकन एक्सप्रेसचे प्रमुख फार्गो यांनी हा त्रास युरोपात स्वतः सोसला होता. त्याच १८९१ साली त्यांच्या कंपनीने प्रवासी धनादेश काढला. विकत घेताना एक सही, वटविताना दुसरी; दोन्ही जुळल्या की अनोळखी गावीही रोख रक्कम हाती पडे.

१९१४ च्या महायुद्धाने सुवर्णाशी जखडलेले चलनांचे दर ढळले, आणि प्रवाशास रोजचा भाव विचारणे भाग पडले. १ जानेवारी २००२ पासून जिनोआ व पिरियस येथे एकच युरो हातोहाती फिरू लागला. अलेक्झांड्रियास मात्र आजही इजिप्तचा पौंडच लागतो. दोन सह्यांवरील विश्वासापासून बारा राष्ट्रांच्या परस्परविश्वासापर्यंतचा हा प्रवास १११ वर्षांचा होय.