वर्ग बडोद्यात, कायदा कोल्हापुरात

हुपरीच्या पैंजणाला घुंगरू जागच्या जागी बसविणारा कारागीर पाहिला, की मला ग्रंथपाल आठवतो. पुस्तक जागेवर नसेल, तर ते असून नसल्यासारखेच! हे शिकवावे लागते, हे आपल्या देशात प्रथम ओळखले सयाजीराव महाराजांनी. अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना आणवून १९११ साली त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग काढविला. देशातल्या पहिल्या ग्रंथालय कायद्याचा मान मात्र आमच्या कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ चा. १९४९ त संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ साल उजाडले!

आज हुपरीचा एखादा पदवीधर ग्रंथालयशास्त्राची दुसरी पदवी घ्यायला निघाला, की घरचे विचारणारच, ‘पुस्तके लावायला शिकायचे ते काय?’ त्याने खुशाल बडोद्यापासून सांगायला घ्यावे.