मरुत आणि त्याचे इंजिन

श्रोतेहो, विहिरीवर दहा घोड्यांचा पंप बसवायचा म्हणून त्या मापाचे पाइप आणले, चौथरा बांधला, आणि ऐनवेळी मोटार मिळाली सहा घोड्यांची, तर काय होईल? पाणी येईल, नाही असे नाही. पण शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोचायचे नाही. आपल्या देशाने स्वतः आखून बांधलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाची हकिकत अशीच आहे. त्याचे नाव मरुत.

१९५६ साली कुर्ट टँक हे जर्मन अभियंते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आले. महायुद्धात गाजलेले फोके-वुल्फ १९० हे विमान त्यांच्याच हातचे. आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाईल असे विमान त्यांनी आपल्यासाठी आखावयास घेतले. आधी त्याच आकाराचे बिनइंजिनाचे लाकडी विमान केले, १९५९ साली ते दुसऱ्या विमानामागे दोराने ओढून आकाशात नेले आणि तरंगत खाली आणून पारखले. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास या वैमानिकाने खरे मरुत उडवले.

आता अडचण ऐका. हा सारा आराखडा इंग्लंडमधल्या ऑर्फियस जातीच्या एका नव्या, जोरकस इंजिनाच्या भरवशावर होता. त्याचा जोर आठ हजार पौंडांवर जाणार होता. पण ब्रिटिश सरकारला ते इंजिन स्वतःसाठी नको होते. तेव्हा ते पुरे करायचे तर खर्च हिंदुस्थानने सोसावा, असा सवाल पुढे आला. आपण नाही म्हटले. त्यावेळचा विचारही समजून घेतला पाहिजे. १९५७ पासून परकीय चलनाची ओढाताण होती, आणि धान्य, पोलाद, यंत्रे सगळेच बाहेरून आणायचे होते. कुणा एकाला बोल लावणे सोपे आहे, पण घरात चार तोंडे असताना एकाच्या ताटात किती वाढायचे, हा प्रश्न सोपा नसतो.

शेवटी हाताशी होते तेच, म्हणजे ४,८५० पौंड जोराचे ऑर्फियस इंजिन, एकेका विमानात दोन-दोन बसवले. विमान चांगले झाले. पण वेग आवाजाच्या वेगाच्या आसपासच अडला. मग दुसरे इंजिन शोधण्याची धावपळ सुरू झाली. इजिप्तबरोबर खटपट झाली, तिथे १९६७ साली मरुतवर त्यांचे इंजिन चढवून उड्डाणही झाले, पण तो बेत तडीस गेला नाही. आहे त्याच इंजिनाचा जोर वाढवण्याच्या प्रयोगात १० जानेवारी १९७० रोजी अपघात होऊन सुरंजन दास गेले. पैसा वाचला होता, पण किंमत अशी मोजावी लागली.

दरम्यान १९६२ साली आपण रशियाचे मिग-२१ घेण्याचे ठरवले. त्यासाठी आपल्या नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. ते आवाजाच्या दुप्पट वेगाचे, शिवाय इंजिनासकट मिळणारे. साहजिकच मरुत मागे पडले. एकूण १४७ बांधली गेली.

तरी त्याला कुचकामी म्हणू नये. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मरुतांनी चोख काम केले. जमिनीवरच्या गोळीबारात काही पडली. हवाई झुंजीत एकही पडले नाही. एक इंजिन बंद पडूनही वैमानिक घरी परत आले. १९९० च्या सुमारास मरुत निवृत्त झाले.

गुरुजनहो, वर्गात हा विषय निघाला तर मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. विमानाची किंमत म्हणजे पंख आणि सांगाड्याची किंमत नव्हे. इंजिन कुणाचे, सुटे भाग कोण देणार, आणि देणाऱ्याने हात आखडता घेतला तर आपण काय करणार, हे सारे त्या हिशेबात धरावे लागते. आजही तो हिशेब संपलेला नाही. २०२१ साली ८३ तेजस विमानांची मागणी नोंदवली गेली. त्यांची अमेरिकन इंजिने लांबत गेली, पहिले आले ते मार्च २०२५ मध्ये. स्वदेशी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ साली हाती घेतला होता, पण तेजसला ते पुरे पडले नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला बांधलेले पहिले तेजस आकाशात गेले, ही अभिमानाची गोष्ट खरी. मात्र त्याच्या पोटातले इंजिन अजून परक्याचे आहे. मरुतपासून राहिलेले ते काम अद्याप व्हायचे आहे.