खिळे, फ्लॉप्या आणि अठ्ठेचाळीस आकडे

नारायण पेठेतल्या ज्या छापखान्यात मी कंपोझिंग शिकले, तिथे मजकूर जपून ठेवायची पद्धतच नव्हती. शिशाचे खिळे जुळवायचे, प्रूफ काढायचं, फर्मा छापून झाला की खिळे पुन्हा आपापल्या खणात सोडायचे. दुसरी आवृत्ती निघालीच तर पहिल्या पानापासून पुन्हा जुळणी. चोरीला जायचं ते शिसं, भंगाराच्या भावानं. मजकूर कोण कशाला चोरेल?

डीटीपी आलं आणि अख्खं पुस्तक खिशात मावायला लागलं. म्हणजे, मावायला लागलं असं आम्हाला वाटलं. साडेतीन इंची फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी, आणि दिवाळी अंकाची पानं चित्रांसकट त्याच्या कितीतरी पट. मग एआरजे या प्रोग्रॅमनं फाईल दाबून आठ-दहा फ्लॉप्यांवर तोडायची. त्यातली सातवी वाचली गेली नाही, की मुसळ केरात. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरायची, म्हणून महत्त्वाची फ्लॉपी आम्ही दोनदा करायचो. बॅकअप हा शब्द आमच्या तोंडी बसण्याआधीची ही सवय.

त्या काळी भीती चोराची नव्हती, पुसलं जाण्याची होती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नसे. साडेतीन इंचीत नेमकं उलटं: खिडकी उघडी ठेवली की मजकूर सुरक्षित. दोन्ही फ्लॉप्या एकाच टेबलावर असत, तेव्हा यावरून नव्या मुलांचा किती गोंधळ उडे! व्हायरसची धास्ती होतीच. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली सोडलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि स्वतःसोबत त्यांचा पत्ता नि फोन नंबरही घेऊन फिरायचा. इतका सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. कुलूपही होतं, जुन्या एटी कॅबिनेटवर, गोल चावीचं. एकाची चावी बहुधा शेजारच्या मशीनलाही चालायची.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या आमच्या एका गिऱ्हाइकाचं तळमजल्यावरचं मशीन बुडालं. सीड्या काढून ठेवल्या होत्या, पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं सांगितलेला हिशेब पुढे सगळीकडे चालू झाला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छापखान्यातल्या माणसाला तो लगेच पटतो.

पण लॅपटॉप आला आणि हाच हिशेब अंगाशी यायला लागला. जितक्या प्रती जास्त, तितकी चोराला संधी जास्त. मे २००६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यावर २ कोटी ६५ लाख माणसांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटीचे नंबर होते, आणि कुलूप कशालाच नव्हतं. चोरांना बहुधा पत्ताही नसावा आपण काय उचललंय याचा. यंत्रं पुढच्याच महिन्यात सापडली, पण तोवर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे कुलूप, असं आजही पुष्कळांना वाटतं. डिस्क खोलून दुसऱ्या मशीनला जोडली की तो पासवर्ड कुणी विचारत नाही. खरं कुलूप म्हणजे अख्ख्या डिस्कवरचा मजकूरच किल्लीशिवाय वाचता न येणारा करायचा. मॅकमध्ये २००३ साली आलेलं फाईलव्हॉल्ट सुरुवातीला फक्त वापरणाऱ्याचं होम फोल्डर झाकायचं. विंडोजचं बिटलॉकर व्हिस्टाबरोबर आलं. माझ्या मते या दोहोंनी चोरीचा प्रश्न बराचसा सोडवला आणि हरवण्याचा जुना प्रश्न नव्यानं उभा केला. मशीननं मध्येच कधी हटकलं, तर बिटलॉकर ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती नसेल तर आतलं सगळं मालकालाही परकं.

हल्ली लोक लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा मी आधी त्या ४८ आकड्यांबद्दल विचारते. कुणी कागदावर छापून पासबुकात ठेवलेले असतात, कुणी मुलीला ईमेल केलेले असतात. आणि एक तरी गृहस्थ असे निघतातच, ज्यांनी त्याची पीडीएफ करून त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर, ‘महत्त्वाचे’ नावाच्या फोल्डरमध्ये, अगदी नीट ठेवलेली असते.